वीर्य बाहेर येत नाही म्हणजे शुक्रजंतू नाहीत असं नव्हे

परभणी जिल्ह्यातून प्रश्न आला आहे. वय ३३, लग्नाला पाच वर्षं, मधुमेह बाविसाव्या वर्षापासून, इन्सुलिन चालू. संबंध व्यवस्थित येतात, शेवटच्या क्षणाचं सुखही जाणवतं, पण गेली दोन-अडीच वर्षं बाहेर काहीच येत नाही. लॅबने रिपोर्टवर ‘नमुना मिळाला नाही’ एवढंच लिहिलं आणि मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या एका सेंटरमध्ये पहिल्याच भेटीत दात्याचं वीर्य घ्या म्हणून सांगितलं. ते विचारतात: माझ्यात काहीच उरलं नाही का? मित्र म्हणतो वीर्य गोठवून ठेव, पण जे बाहेरच येत नाही ते गोठवायचं कसं? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: संबंधानंतरची पहिली लघवी गढूळ होते.

तुमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा ती ओळ मला जास्त मोलाची वाटते. तिच्यावरून बहुधा तुम्हाला उलट स्खलन होतं आहे. शुक्रजंतू अंडकोषात तयार होतात, शुक्रवाहिनीतून वर येतात, शुक्राशय आणि प्रोस्टेटच्या स्रावात मिसळतात आणि मूत्रमार्गाच्या मागच्या भागात येऊन थांबतात. त्या क्षणी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटावं लागतं. ते मिटलं की वीर्याला पुढचाच रस्ता उरतो. हे तोंड मिटवणाऱ्या नसा अनेक वर्षांच्या वाढलेल्या शुगरने दुबळ्या झाल्या, तर ते उघडंच राहतं आणि वीर्य मागे मूत्राशयात शिरतं. सुख होतं, बाहेर थेंब येत नाही, आणि पुढच्या लघवीबरोबर सगळं वाहून जातं. अंडकोष मात्र आपलं काम करतच असतात. म्हणूनच पहिल्या भेटीत दात्याचा विषय काढणं मला अजिबात मान्य नाही.

खात्री करून घ्यायची तपासणी स्वस्त आणि साधी आहे: स्खलनानंतरच्या लघवीची. आधी लघवी करून मूत्राशय मोकळं करायचं, मग हस्तमैथुनाने नमुना द्यायचा प्रयत्न करायचा. पुढून एखादा थेंब आलाच तर तो एका डबीत, आणि लगेच होणारी लघवी दुसऱ्या डबीत. दोन्ही तिथल्या तिथे लॅबच्या हातात. लॅब ती लघवी सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघते. त्यात शुक्रजंतू भरपूर दिसले की निदान झालं. चिठ्ठीवर मात्र ‘स्खलनानंतरची लघवी, शुक्रजंतूंसाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘लघवीची रुटीन’ लिहिलं तर तंत्रज्ञ पू, साखर, प्रथिनं बघतो आणि मोकळा होतो. तालुक्याच्या छोट्या लॅबमध्ये ही तपासणी क्वचितच होते, तेव्हा आधी फोन करून विचारा. आणि घरातले जुने लघवीचे रिपोर्ट काढून एकदा वाचा. कधीकधी खालच्या ओळीत ‘शुक्रजंतू दिसले’ असं छापलेलं असतं आणि ते कुणीच वाचलेलं नसतं.

लघवीत काहीच सापडलं नाही तर वाट बदलते. मधुमेहात नसा आणखी बिघडल्या की वीर्य मूत्रमार्गापर्यंत येणंच थांबतं, म्हणजे ते मागेही जात नाही आणि पुढेही येत नाही. मग अंडकोषांचा आकार हाताने तपासणं, शुक्रवाहिन्या जागेवर आहेत का ते चाचपणं, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची रक्ततपासणी, गरज पडली तर गुदद्वारातून सोनोग्राफी, असं पुढे जावं लागतं. आपल्याकडे क्षयरोगाने वीर्य मूत्रमार्गात सोडणाऱ्या नळ्या बंद झालेलेही रुग्ण असतात. अशांचं वीर्य अगदी थोडं आणि पातळ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार वीर्याचं प्रमाण किमान १.४ मिली असावं. त्याहून बरंच कमी येत असेल तर शुक्रजंतूंच्या आकड्याआधी ‘कमी का’ हे शोधावं.

आता निदान उलट स्खलनाचंच निघालं असं धरून पुढचं सांगतो. मूत्राशयाचं तोंड आवळणारी औषधं आहेत: सर्दीच्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन, आणि नैराश्यावरचं जुनं औषध इमिप्रामिन. काही जणांत त्यांनी वीर्य पुन्हा पुढून येऊ लागतं. मधुमेहाला दहा-अकरा वर्षं झालेल्या माणसात त्यांचा भरवसा कमी, तरी सावधपणे करून बघण्यासारखं आहे. सावधपणे अशासाठी की स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब चढतो, आणि इमिप्रामिनने उभं राहताना अंधारी येऊ शकते. तुमच्या नसा आधीच कमजोर असतील तर हा त्रास जास्त. दोन्हींनी लघवी तुंबू शकते. म्हणून आधी झोपून आणि उभं राहून रक्तदाब, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी, आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, एवढं बघितल्याशिवाय ही औषधं सुरू करू नयेत. मेडिकलवरून स्वतःहून आणून तर मुळीच घेऊ नका.

औषधाने जमलं नाही तर लघवीतूनच शुक्रजंतू घ्यायचे. लघवी आम्लधर्मी आणि खारट असते. तिच्यात शुक्रजंतू पोहणं सोडून देतात आणि थोड्याच वेळात मरतात. म्हणून नमुन्याच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, ठरवून दिलेल्या प्रमाणात पाण्यातून घेऊन लघवीचा आम्लपणा मोडतात. पाणी किती आणि केव्हा प्यायचं हेही सेंटर सांगतं. काही ठिकाणी बारीक नळीने मूत्राशय रिकामं करून त्यात शुक्रजंतूंना मानवणारं पोषक द्रावण सोडतात आणि मग नमुना घेतात. लघवी हातात आली की क्षणाचाही वेळ न दवडता ती फिरवायची, शुक्रजंतू धुऊन स्वच्छ माध्यमात घ्यायचे. हालचाल करणारे शुक्रजंतू बऱ्यापैकी मिळाले, साधारण पन्नास लाखांच्या वर, तर आययूआय, म्हणजे ते थेट गर्भपिशवीत सोडणं, करून बघता येतं. त्याहून खूप कमी असतील तर इक्सी. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात, म्हणजे लाखांची गरजच राहत नाही. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, आणि तेव्हापासून ‘फारच थोडे आहेत’ या कारणाने बाप होणं थांबत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र सोड्याचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या, त्यातून बराच क्षार पोटात जातो.

गोठवण्याकडे येतो. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. जनावरांच्या दवाखान्यात नायट्रोजनचा कंटेनर सगळ्यांनी पाहिलेला असतो. डॉक्टर त्यातून वाफाळणारी कांडी काढून गाय भरतात. माणसाच्या वीर्याचं तंत्र तेच. १९४९ मध्ये ग्लिसरॉल घातलं तर शुक्रजंतू थंडीत टिकतात हे इंग्लंडमध्ये लक्षात आलं, आणि १९५३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवातून गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भ राहिल्याचं प्रसिद्ध झालं. आजही मूळ कृती फारशी बदललेली नाही. वीर्यात ग्लिसरॉल असलेलं द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात, छोट्या कुप्यांत किंवा कांड्यांत भरतात, नायट्रोजनच्या वाफेत हळूहळू थंड करतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. त्या तापमानाला पेशीतली सगळी घडामोड थांबते, त्यामुळे पाच वर्षं ठेवलं काय नि पाच महिने ठेवलं काय, फरक पडत नाही. नुकसान होतं ते गोठताना आणि वितळताना. हालचाल करणाऱ्या शुक्रजंतूंपैकी साधारण निम्मे त्यात जातात, आणि नमुना मुळातच कमजोर असेल तर त्याहून जास्त.

लघवीतून काढलेले शुक्रजंतू आधीच मार खाल्लेले असतात. म्हणून माझा सल्ला असा असतो: उपचाराच्या दिवशी ताजे मिळत असतील तर ताजेच वापरा, गोठवलेले हाताशी असू द्या. पण ते हाताशी असलेच पाहिजेत. बायकोला दहा-बारा दिवस इंजेक्शनं द्यायची, भूल देऊन तिची स्त्रीबीजं काढायची, आणि त्याच सकाळी नवऱ्याचा नमुना मिळू नये, यासारखी टाळता येणारी दुर्घटना दुसरी नाही. मग शुक्रजंतू काढायला घाईघाईत अंडकोषात सुई घालायची वेळ येते. उपचाराची फेरी (सायकल) सुरू करायच्या आधीच एक-दोन चांगले नमुने गोठवून, त्यातली एक कांडी वितळवून किती शुक्रजंतू जगले हे पाहून घेतलेलं असावं. तो रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. गोठवण्याआधी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या रक्ततपासण्या होतात. ती सगळ्यांनाच लागू असलेली रीत आहे, तुमच्यावर कुणी संशय घेत नाही.

‘अदलाबदल झाली तर?’ हा प्रश्न आमच्याकडे लोक दार बंद करून, आवाज उतरवून विचारतात. विचारायलाच हवा, आणि मोठ्याने. जननसाहाय्य तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये आला. त्यानुसार सेंटरची आणि वीर्य साठवणाऱ्या बँकेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. तुमच्या नावाची आणि क्रमांकाची चिठ्ठी तुमच्यासमोर कुपीला लागते का, दुसरा माणूस साक्षीला असतो का, साठवणुकीचा वार्षिक खर्च किती, तो थकला तर आधी कळवणार की नाही, हे लेखी घ्या. कायद्यात दात्याचं बीज आणि भ्रूण साठवायची कमाल मुदत १० वर्षं आहे, आणि उपचारासाठी स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादा आहेत. दात्याचं वीर्य वापरायचंच ठरलं तरी ते नोंदणीकृत बँकेतून आणि तुम्हा दोघांच्या लेखी संमतीनेच. दोघांपैकी एकाला न सांगता ते करता येत नाही. दाता हा काही वाईट पर्याय नाही, कित्येक घरं त्याने सुखी झाली आहेत. पण स्वतःचे शुक्रजंतू आहेत की नाहीत हे न तपासता तो गळी उतरवणं चूक.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून मराठवाड्यात वारंवार दिसणाऱ्या तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली मुतखड्याची. आपल्याकडचा उन्हाळा, शेतातलं काम, कमी पाणी. तरुण मुलांना खडे होतात. खडा खाली सरकावा म्हणून टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन देतात. औषध चांगलं आहे, पण ते मूत्राशयाचं तोंड सैल करतं, सिलोडोसिन तर फारच. चार दिवसांत मुलगा घाबराघुबरा होऊन येतो, “साहेब, पाणीच येईना.” औषध बंद केलं की ते पूर्ववत होतं. चिठ्ठी देतानाच हे एक वाक्य सांगितलं तर कितीतरी नवरे भोंदूंच्या ‘धातू’च्या पुड्यांपासून वाचतील. तेच नैराश्याच्या काही गोळ्यांचं. त्यांनी स्खलन लांबतं किंवा होतच नाही. पण त्या गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून बदलायच्या. आणि ताकदीसाठी म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर लेकरू हवं असताना ती घेऊ नका. त्यांनी अंडकोषातली शुक्रजंतूंची निर्मितीच थांबते.

दुसरी गोष्ट पाठीच्या मणक्याची. विहिरीत पडलेले, झाडावरून पडलेले, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात सापडलेले तरुण. पाय गेले तसं सगळं गेलं असं घरचे धरून चालतात. तसं नसतं. इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल तर खालची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते. लिंगाच्या टोकाला ठरावीक वेगाचं आणि जोराचं व्हायब्रेटर लावून दहापैकी आठांहून अधिक जणांत स्खलन घडवता येतं. इजा त्याखाली असेल तर यश बरंच कमी, मग गुदद्वारातून प्रोब घालून सौम्य विजेचा उत्तेजक प्रवाह देतात. त्याने जवळपास सगळ्यांत नमुना मिळतो. ज्यांना संवेदना शिल्लक आहे त्यांना त्यासाठी भूल लागते. एक धोका लक्षात ठेवाच: इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल तर या उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी भयंकर वाढू शकतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम ही त्याची खूण. म्हणून पहिली वेळ दवाखान्यातच, रक्तदाबावर लक्ष ठेवून आणि आधी औषध देऊन. या रुग्णांत शुक्रजंतूंची संख्या बहुधा चांगली असते, हालचाल मात्र मंद, आणि प्रत्येक वेळी जालना-बीडहून त्यांना उचलून आणणं घरच्यांना परवडत नाही. अशांचा चांगला नमुना मिळेल त्या दिवशी गोठवून टाकावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लपवली जाते. घरी, झोपेत स्खलन होतं, पण बायकोजवळ होत नाही. किंवा घरी सगळं होतं आणि दवाखान्यातल्या त्या कोंदट खोलीत, बाहेर पेशंट ताटकळत असताना, काही केल्या होत नाही. हा पुरुषार्थाचा प्रश्न नाही. दोन खोल्यांच्या घरात आई-वडील, भाऊ-भावजय यांच्यासोबत राहणाऱ्या जोडप्याला पाच वर्षांत एकही निवांत रात्र मिळालेली नसते, त्यात ‘आज शेवटची तारीख’ म्हणून दडपण. अशा माणसाच्या अंडकोषात सुई घालायला धावणारी सेंटर्स मी पाहतो तेव्हा मला राग येतो. आधी साधे उपाय करा. नमुना शरीराच्या उबेत ठेवून एका तासाच्या आत लॅबमध्ये पोचला तर चालतो. गंगाखेडहून एसटीने आणून तो छत्रपती संभाजीनगरला पोचणार नाही, पण दवाखान्याजवळच्या लॉजवर रात्रीची खोली घेतली, बायको सोबत असली, तर बहुतेकांचं काम होतं. लॅबची निर्जंतुक, रुंद तोंडाची डबी आधीच घेऊन ठेवायची. साधा निरोध वापरायचा नाही, त्यातलं रसायन शुक्रजंतूंना मारतं. त्यासाठी वेगळा, वैद्यकीय निरोध मिळतो. खोबरेल, साबण, थुंकी, काहीही लावायचं नाही. नमुन्याआधी दोन ते सात दिवसांचा खंड पुरे. आणि त्या निवांत रात्रीचा नमुना गोठवला की पुढच्या वेळचं दडपणच संपतं. घड्याळाचा धाक गेल्यावर काही जण उपचाराच्या दिवशी ताजा नमुनाही देऊन जातात.

आणि कर्करोग. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला अंडकोषाचा कर्करोग किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) निघतो, छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या सरकारी कर्करोग रुग्णालयात किमो ठरते, आणि भावी लेकरांचं नाव कुणी काढत नाही कारण तेव्हा जीव वाचवणं महत्त्वाचं. खरंच महत्त्वाचं. पण किमोच्या आधीच्या दोन दिवसांत एक नमुना गोठवायला उपचार लांबवावा लागत नाही. किमो सुरू झाल्यावरचा नमुना घेऊ नये, त्यातल्या शुक्रजंतूंच्या जनुकांना इजा झालेली असू शकते. अंडकोषाच्या कर्करोगात पोटातल्या गाठी काढायच्या शस्त्रक्रियेने स्खलनाच्या नसा कापल्या जाऊ शकतात, तेही आधीच विचारून घ्यायचं. कर्करोगाचे डॉक्टर विसरले तर मामाने, भावाने, कुणीही विचारावं.

परत तुमच्याकडे. सूनबाईंच्या तपासण्या झाल्या का ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांचं वय, स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी एएमएचची तपासणी आणि गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, यावर आययूआय करून वेळ घालवायचा की सरळ इक्सीकडे जायचं हे ठरतं. गोठवलेलं वीर्य म्हातारं होत नाही, बाईची स्त्रीबीजं होतात. आईला कितपत सांगायचं हे तुम्ही दोघांनी ठरवा, पण दोष कुणाच्या बाजूला आहे हे माहीत असताना सुनेला बोल लागू देऊ नका. आईला एवढंच सांगितलं तरी पुरे: शुगरमुळे माझ्या नसांचा त्रास आहे, उपचार चालू आहेत.

शुगर आटोक्यात आणल्याने गेलेल्या नसा सहसा परत येत नाहीत, पण उरलेल्या टिकतात, म्हणून हे काम वर्षभर पुढे ढकलू नका. आज अर्धवट मिळणारे शुक्रजंतू आणखी काही वर्षांनी मिळतीलच असं नाही. लघवीतून अजिबात मिळाले नाहीत तर अंडकोषातून सुईने काढायचा मार्ग आहे आणि तुमच्यासारख्यांत तो बहुधा यशस्वी होतो. पण तो शेवटचा.

जाताना एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) ताजा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा कागद आणि दोघांची आधारकार्डं न्या. उभं राहताना अंधारी येते का, पोट फुगतं का, लघवी करताना जोर लावावा लागतो का, हे विचारण्याची वाट न बघता सांगा. आणि ही तपासणी उपाशीपोटी करायची नसते. सकाळचं इन्सुलिन घ्या, नाश्ता करा, मग जा. उपाशी राहून शुगर उतरली तर नमुना तर मिळणार नाहीच, वर त्या दिवशी सलाईन लावून घ्यावं लागेल.